भावकी की सोयरीक

"शेळके!" कारकुनानं हाक मारली आणि आम्ही दोघं एकदमच उठलो.

"मी आधी आलेय," मी ठसक्यात म्हणाले.

"या की मग." तो हसला. "मी काय, कालपासूनच बसलोय."

तो बद्रीनाथ, मी द्वारका. जातीच्या दाखल्यासाठी दोघंही संभाजीनगरच्या त्या कचेरीत, निजामाच्या काळातल्या कागदांत आपापले पणजोबा शोधत होतो. रोज गंगापूरहून एसटी, रोज 'उद्या या'. कंबर मोडली, धुळीनं डोळे चुरचुरायला लागले. वैताग नुसता! पण दुपारी तो चहाचा कप पुढं करायचा, बोटाला बोट लागायचं... आणि मला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावंसं वाटायचं.

"पणजोबा सापडले की तू यायची बंद होशील," एकदा तो म्हणाला.

"मग देवाला सांग, सापडू देऊ नको म्हणून."

बोलून गेले आणि लाजून चूर झाले.

घरी मी त्याचा विषय काढला, तर आमच्या दादांनी, म्हणजे वडलांनी, एका दमात निकाल लावला. "आडनाव एक, मूळ गाव बी खुलताबादकडचं एकच. भावकी झाली ती. भाऊ लागतो तुझा!"

भाऊ! मी ताट तसंच सारून उठले.

चार दिवसांनी बद्रीच्या पणजोबांची नोंद निघाली. उर्दूत. ती वाचायला पडेगावचे गयासचाचा बसायचे. मी भिंतीला टेकून उभी राहिले. एका घरातले निघालो तर संपलंच सगळं.

चाचांनी चष्मा पुसला. "बेटा, यहाँ खानादामाद लिखा है. घरजावई. शेळक्यांच्या घरात आले, लोकांनी सासऱ्याचंच आडनाव लावलं. उनका असली आडनाव नै लिखे."

बद्री मटकन खाली बसला. "म्हंजे मी शेळके नायच? आता पुन्हा पहिल्यापासून शोधू?"

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिला.

"द्वारका... अगं, मग आपली भावकी कुठं राहिली? सोयरीक व्हती ही!"

मी भर कचेरीत रडले. इतक्या दिवसांचा शीण, भीती, सगळं वाहून गेलं.

"उद्याच येतो दादांकडं," तो हळूच म्हणाला. "पण... खरं आडनाव सापडायला लई दिवस जातील. पत्रिकेत काय छापायचं?"

मी पदरानं डोळे पुसले.

"तोवर माझंच लाव."