सारजाबाईंची एक रिंग

"नव्या फोन-सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?" दमयंतीनं विचारलं आणि आयसीयूच्या दाराबाहेर बसलेला तरुण तिच्याकडे नुसता बघतच राहिला. शेंद्र्याच्या कारखान्याचा निळा शर्ट, लाल डोळे… आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"माय आत हाये," तो म्हणाला. "शुद्धीवर आली की तिलाच विचारा."

दमयंतीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण ती गेली नाही. एक खुर्ची सोडून बसली.

हॉस्पिटलनं नवा नियम केला होता. तातडीचा पेशंट असला तरी आधी फोन करायचा, नर्स सांगेल तसं यायचं. दारातली गर्दी निम्म्यावर आली, हॉस्पिटलचे मॅनेजर व्यंकटराव साहेब खूश. लोकांना हा बदल कसा वाटतो ते विचारायची नोकरी दमयंतीला नुकतीच लागली होती.

हळूहळू तो बोलू लागला. नाव बद्रीनाथ. आई सारजाबाई देवगाव रंगारीला एकट्या. छातीत कळ आली तशी त्यांनी हॉस्पिटलचा नंबर लावला, एक रिंग दिली आणि फोन कापला. गावात सगळे असंच करतात, पुढचा माणूस उलटा फोन करतो. सारजाबाई ओसरीवर वाट बघत बसल्या. फोन आलाच नाही. शेवटी शेजारच्या साळूबाईनं त्यांना जीपमध्ये घालून इथं आणलं.

दमयंतीनं हातातला फॉर्म मिटला. म्हणजे पेशंट कमी झालेच नव्हते… ते घरी वाट बघत बसले होते!

तिनं साहेबांना गाठलं. ते म्हणाले, एका रिंगला कुणी फोन म्हणतं का? म्हणतं, साहेब, ती म्हणाली, आणि हटलीच नाही. संध्याकाळपासून नर्स प्रत्येक रिंगला उलटा फोन करू लागल्या.

पण सारजाबाई? डॉक्टर 'बघू' एवढंच म्हणत. दमयंती रोज ड्यूटी संपली की डबा घेऊन यायची. आयसीयूचं दार उघडलं की दोघंही उठून उभे राहायचे…

"भेंडी लई खारट हाये," तो एकदा म्हणाला.

"मग ठेवा."

"नाय, खारट आवडती मला." तो हसला. पहिल्यांदाच! आणि दमयंतीला उगाचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

एका दुपारी नर्सनं दोघांनाही आत बोलावलं. सारजाबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ही कोण रं?"

बद्रीनाथ चाचरला. "दवाखान्यातल्या मॅडम हायेत, माय… सगळ्या पेशंटची चौकशी करतात."

"सगळ्यांची?" म्हातारी तिच्याकडेच बघत होती.

दमयंतीनं मान खाली घातली. कान तापले होते.

"नाही, मावशी," ती हळूच म्हणाली. "डबा… फक्त यांनाच आणते."

बद्रीनाथनं आईच्या पायाशी असलेलं स्टूल तिच्याकडे सरकवलं.