ब्रेम्पोंगच्या दिवाणखान्यातून

पोकुवाला, माझ्या लेकीला, कळा सुरू झाल्या म्हणून भर दुपारी टॅक्सी बोलावली. घानातल्या तेचिमान शहराच्या या टोकाला मी मोजणी कचेरीतल्या नकाशांवर सरळ, रुंद रस्ते पाहिलेत. नकाशावर ते अजून आहेत. जमिनीवर मात्र ज्याने त्याने आधी घर बांधलं आणि रस्ता शेजाऱ्याने सोडावा अशी अपेक्षा ठेवली.

हरमॅटन वाऱ्याची धूळ इतकी दाटली होती की सूर्य पांढऱ्या बशीसारखा दिसत होता. फोसू ड्रायव्हरने एक गल्ली धरली; पुढे भिंत. दुसरी धरली, तिथेही भिंत, गिलावा अजून ओला.

"पापा, काल इथूनच गेलो होतो."

"काल गेलास. आज भिंतीची पाळी."

पोकुवा कण्हली. "बाबा, विनोद नंतर..."

तेवढ्यात पुढे धुळीत एक म्हातारी दिसली, डोक्यावर घमेलं. मागे न पाहता तिने हाताने बोलावलं. आम्ही तिच्यामागे निघालो. अरुंद वाट, ओढ्याच्या चिखलाचा वास. इंजिनाचा आवाजसुद्धा कुणी उशीखाली दाबल्यासारखा. मग एकदम डांबरी रस्ता आणि दवाखाना. नात सुखरूप झाली.

दुसऱ्या दिवशी ब्रेम्पोंग दवाखान्यात आला. ओढ्याच्या जुन्या पायवाटेवर घर बांधणारा तो हाच. वाट बुजवताना तिथून चालून गेलेल्या पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारू ओतायची असते. याने ती स्वतःच संपवली होती.

"मास्टर," तो हळूच म्हणाला, "काल तुमची टॅक्सी माझ्या दिवाणखान्यातून गेली."

"किती घेतलीस?"

"थेंब नाही. फरशीवर चाकांचे माग आहेत... भिंतीपासून भिंतीपर्यंत."

मी त्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता.

"गाडी गेली. म्हातारी नाही गेली. कोचावर बसलीय, रिकामं घमेलं मांडीवर घेऊन. त्यात कापड अंथरलंय, निळ्या पक्ष्यांचं. विचारते... बाळाला घेऊन याच वाटेने परतणार ना?"

आमच्यात आठव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत मूल पाहुणंच, मेलेल्यांच्या जगातून आलेलं. तिकडचे परत मागू शकतात.

फोसू दारात आला. "पापा, बाजारामागची गल्लीही आज बंद झाली. घराकडे जायला एकच वाट मोकळी दिसतेय."

"कालचीच ना?" पोकुवा बाळाला पाठीशी बांधत म्हणाली. "चला की मग, बाबा."

बाळ बांधलेल्या तिच्या कापडावरही तेच निळे पक्षी होते, आणि एका टोकाचा तुकडा फाडून नेलेला.