दुपारी दोन वाजताचा चंद्र

"हात दाखव."

ही आमची पहिली ओळख. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. धुक्यात वाट चुकून मी समोर दिसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले होते, आणि आत चहाच्या ओल्या पानांनी भरलेल्या बांबूच्या परातींमागून एक उंच मुलगा माझ्याकडे चोर सापडल्यासारखा बघत होता.

"कशाला?"

"आधी दाखव तर."

मी दाखवले. त्यानं वाकून वास घेतला... हात न लावता, अगदी वीतभर अंतरावरून. मग नाक मुरडलं.

"गुलाब."

"हँडक्रीम आहे. चांगल्यातलं."

"असेल. पण पानांना हा वास लागला, तर बाबा मलाच परातीत पसरून वाळवतील. बाहेर नळ आहे. दोनदा धू."

मी निमूटपणे धुतले. तीनदा. तिसऱ्यांदा का धुतले ते विचारू नका, तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं.

त्याचं नाव लिआओ शी-युआन. रुइलीच्या डोंगरावर त्याच्या घरचे चहाचे मळे होते आणि पानांपासून चहा तो स्वतः तयार करायचा. मी यी-रोउ, तैपेईची. स्क्रीनवर काय दिसावं, कुठे आणि केवढं, हे ठरवणं माझं काम. तोडणीच्या दिवसांत कुठल्या मळ्यात जायचं, गाडी कुठे थांबली आहे, पाऊस येतोय का, हे निरोप सगळ्यांना वेळेवर मिळावेत म्हणून गावातल्या मळेवाल्यांनी आमच्या कंपनीला बोलावलं होतं. निरोप एकच, पण तो घेणारा कुठे आहे, कशात गुंतला आहे ते ओळखून त्यानं आपलं रूप बदलायचं. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून मी तीन आठवड्यांत आटपेल असं साहेबांना सांगून बसले होते.

पहिल्याच दिवशी तोडणी करणाऱ्या बायकांनी माझा माज उतरवला. त्यांच्या दोन्ही तर्जन्यांना छोटी पाती बांधलेली असतात, पानं कापायला. मी केलेली सगळी बटणं तर्जनीसाठी. आ-गुए मावशी या सगळ्यांच्या म्होरक्या, गेली तीस वर्षं लिआओंच्या मळ्यावर. त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा आपल्या पात्याकडे, आणि मला म्हणाल्या, "पोरी, फोन सोलून हवाय का तुला?"

मग मी आठवडाभर मळ्यात बसून नुसत्या करंगळ्या बघितल्या. मळ्यातल्या फोनवर एकच मोठा रंग आणि कडेला करंगळीपुरतं बटण ठेवलं. शी-युआनच्या मनगटावरच्या घड्याळात एका वेळी एकच शब्द. आणि शेडमध्ये भिंतीवर मोठा पडदा, कारण त्याचे हात सतत पानांत, त्याला लांबूनच वाचता यायला हवं.

"दिसतंय का तिथून?" पडद्याशी उभी राहून मी विचारलं.

"अर्धं दिसतंय."

"अक्षरं लहान आहेत?"

"नाही. मध्ये तू उभी आहेस."

"मग बाजूला होते."

"होशील गं..." पानं हलवता हलवता तो म्हणाला, "घाई कुठे आहे?"

मी वळून पडद्याचे स्क्रू आवळायला घेतले. ते आधीच आवळलेले होते. हवा गार होती, आणि माझे कान मात्र चांगलेच तापले होते.

असे दिवस छान चालले होते. तो मला पानांचा वास ओळखायला शिकवायचा, मी चुकायचे, तो हसायचा. आणि एका संध्याकाळी त्यानं सांगितलं की बाबांनी यंदा वरच्या मळ्याची पूर्ण तोडणी त्याच्या हातात दिली आहे. पहिल्यांदाच. मध्ये कुणी बोलणार नाही, चहा चांगला झाला तर त्याचा, बिघडला तरी त्याचा.

"तीन वर्षं मागतोय मी हे," तो म्हणाला. एवढा गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला तो त्या क्षणी फार आवडला.

वरच्या मळ्याची पानं अंगणात चादरींवर उन्हाला पसरली त्या दिवशी मी गावात दुसऱ्या मळेवाल्याकडे होते. शी-युआन गाडी घेऊन खाली गेला होता. दुपारी त्यानं खालूनच ढग पाहिले आणि घड्याळावरून निरोप सोडला : पाऊस. बायका मळ्यात होत्या; पानांवर लक्ष ठेवायला घरी थांबलेल्या आ-गुए मावशी स्वयंपाकघरात सगळ्यांचा भात रांधत होत्या, फोन खिडकीत ठेवलेला. धुक्यासोबत येणारा पाऊस पत्र्यावरही वाजत नाही. तो वर पोहोचला तेव्हा सहाच्या सहा चादरी भिजल्या होत्या आणि पानं वाया गेली होती.

सगळे म्हणाले, म्हातारीचा डोळा लागला असेल. सर्वांत वाईट म्हणजे मावशीही तेच म्हणू लागल्या. "वय झालं रे. लागलाच असेल डोळा, मला आठवत नाही इतकंच." त्या रोज सगळ्यांत आधी मळ्यात जायच्या, दुसऱ्या दिवशी गेल्याच नाहीत. शी-युआन त्यांना रागावला नाही, पण दिवसभर शेडमधून बाहेरही आला नाही.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात मावशींना भाजी चिरू लागत होते. दोनच्या सुमाराला खिडकीबाहेर धुकं चढलं आणि आत अंधारलं. मावशींचा फोन खिडकीतच होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याची स्क्रीन गडद निळी झाली आणि कोपऱ्यात एक चंद्र उगवला.

तो चंद्र मीच काढला होता. तोडणीच्या बायका पहाटे चारला उठतात, संध्याकाळी सातला निजतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून उजेड कमी झाला की फोननं रात्र समजून गप्प बसायचं, हा नियमही माझाच. मला त्याचा केवढा अभिमान होता. तैपेईत दुपारी दोनला अंधारत नाही, म्हणून मला सुचलंच नाही की इथे अंधारतं.

मावशींचा डोळा लागलाच नव्हता, फोनचा लागला होता.

गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. नियम गुपचूप बदलायला दहा मिनिटं पुरेशी होती, आणि तो मी बदललाही. पावसाच्या निरोपाला आता कुठलीच रात्र अडवणार नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं मी जाणार होते. शी-युआनच्या मनात माझी जी काही जागा झाली होती ती तशीच राहिली असती... आणि मावशींनी उरलेलं आयुष्य स्वतःला झोपाळू समजत काढलं असतं. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर झाले.

सकाळी शेडमध्ये गेले. तो रिकाम्या पराती पुसत होता.

"शी-युआन, मावशींची चूक नव्हती. माझी होती." आणि मी चंद्रापासून सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यानं परात खाली ठेवली.

"तीन वर्षं," तो म्हणाला.

"माहितीये."

"मला राग आलाय, यी-रोउ."

"यायलाच हवा."

"मग रडतेस कशाला?"

"मला तू आवडतोस म्हणून," मी म्हणाले. ठरवून आले नव्हते, पण खरं सांगायलाच बसले होते तर अर्धंच कशाला सांगायचं?

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हात पुसून दाराकडे निघाला. "चल."

"कुठे?"

"मावशीकडे. हे तिला तूच सांगायचंस. मी सोबत येतो."

तो मावशींना आणि मला घेऊन मळ्यात गेला, आणि सगळ्या बायकांसमोर मी पुन्हा सगळं सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "सांगत होते ना, मी झोपत नाही?" सांगत वगैरे काही नव्हत्या, पण कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी टोपी घट्ट बांधली, पाठ ताठ केली आणि माझ्याकडे पाहिलं. "दंड म्हणून आज दिवसभर तोडणीला बस. वरच्या मळ्यातली शेवटची एक ओळ याच्या चहासाठी न तोडता राखली आहे, ती तू तोडायचीस. पाती बांध रे हिला."

शी-युआननं माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. तर्जनीच्या कडेला पातं लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळू लागला, इतक्या हळू की बायका खोकायला लागल्या.

"घट्ट होतंय?"

"नाही."

"राग अजून आहे," तो पुटपुटला, मान खाली घालूनच.

"बरं."

"पण तू सांगितलं नसतंस, तर... तर तू बसमधून गेल्यावर मी नुसता त्या पडद्याकडे बघत बसलो असतो. तू मध्ये उभी असताना अर्धा दिसायचा तोच बरा होता मला." त्यानं दुसरा हात घेतला. "सकाळी म्हणालीस ते पुन्हा म्हण."

"इथे? सगळ्या ऐकतायत."

"त्या केव्हापासून ऐकतायत."

म्हणाले. हळूच, पण म्हणाले.

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. "मलाही," म्हणाला, आणि शेवटचा वेढा घालून झाला तरी त्यानं हात सोडला नाही.

खालच्या वळणावर बारा वाजताच्या बसनं भोंगा दिला. माझी बॅग पायरीवर भरून ठेवलेली होती. मी ओळीच्या टोकाला गेले आणि पहिला कोंब तोडला. तो वाकडातिकडा तुटला, आणि मावशी म्हणाल्या, "असंच करत राहिलीस तर पुढची तोडणीही तुलाच करावी लागेल."

"करीन," मी म्हणाले.