नळीतला उजेड

जानेवारीतल्या एका शनिवारी, जेवण उरकून, मुरलीधर ओतारी कार्डिफहून गाडी घेऊन निघाला. ब्रेकनच्या पुढे एका शेतावर जुनी रायफल विकायला होती, ती बघायची होती. मंडईत वांगी बघायला जावं तसाच निघाला. असल्या गोष्टी अशाच सुरू होतात. वीजबीज काही कडाडत नाही.

आधी माणूस कोण ते ऐका. मुरलीधर मूळचा कोल्हापूरचा. बाप देवळाच्या घंटा ओतायचा. पोरगं शाळेत बसेना म्हणून बापाने त्याला भट्टीवर बसवलं, आणि त्याच हुन्नरावर तो पुढे वेल्समधल्या एका फाउंड्रीत येऊन पडला. जन्मभर दुसऱ्याची भट्टी फुंकली. आता फाउंड्री बंद झाली, बायको शशी गेली, आणि मुलगा कुशल लंडनजवळ रीडिंगला कॉम्प्युटरसमोर बसून मोठा साहेब झाला, बायको निधीबरोबर तिथेच स्थिरावला. म्हाताऱ्याला राहिला होता तो रविवारचा रायफल क्लब. जुन्या दगडखाणीत पत्र्याची शेड, कागदाची टार्गेटं, आणि ‘मर्ली, चहा घेतोस का?’ असं विचारणारे चार गोरे म्हातारे. सबंध आठवड्यात त्याला नावाने हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

तेही आता जायच्या बेतात होतं. खांदा निकामी झाला होता. त्याच्याकडची जुनी रायफल झाडली की दोन-तीन दिवस शर्ट घालताना डोळ्यांत पाणी यायचं. इथे बंदुकीचा परवाना काही वर्षांचाच असतो. संपत आला की पोलिसांकडचा माणूस घरी येतो. रायफल खरंच वापरता का, कपाट भिंतीला पक्कं आहे का, घरात कोण कोण असतं, सगळं विचारतो. वापरत नसाल तर परवाना बंद.

कुशल त्याचीच वाट बघत होता.

“बाबा, बी रिझनेबल. शोल्डर गेलाय तुमचा. सोडा आता ते शूटिंग. इकडे या. निधीने बॉक्स रूम रिकामी केलीय तुमच्यासाठी.”

“बॉक्स रूममध्ये बॉक्स ठेव. मी माणूस आहे.”

“तुम्ही ना, इम्पॉसिबल आहात. ओके, डील करू. लायसन्स रिन्यू झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर घर विकायचं आणि इकडे यायचं. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” म्हातारा म्हणाला, आणि फोन आपटला.

म्हणून ही खटपट. हरणाच्या शिकारीची लीव्हरवाली रायफल, थर्टी-थर्टी मापाची; घोड्याखालची लीव्हर खाली ओढून वर मिटली की काडतूस नळीत बसतं. मुळात धक्का कमी. त्यात घरी शिसं ओतून केलेली गोळी, दारू जरा हात राखून भरलेली, की खांद्यावर कोणी नुसता हात ठेवल्यासारखं वाटतं. तेवढी एक मिळाली तर क्लब राहणार, परवाना राहणार, घर राहणार.

शेतावर पोचला तेव्हा डोंगराआड ऊन गेलं होतं. ओली मेंढरं, शेणाचा आणि कोळशाच्या धुराचा वास, आणि दगडी घरात एकच दिवा. दार मिसेस प्रॉबर्टने उघडलं. सुकलेली, ताठ बाई. नवरा आयव्हर उन्हाळ्यात गेला. रायफल तिच्या ताब्यात होती ती पोलिसांच्या तात्पुरत्या परवानगीवर.

“टेबलावर आहे,” ती म्हणाली. “मी हात लावत नाही. तुम्हीच बघा.”

रायफल सुरेख होती. अक्रोडाचा दस्ता, कडा हाताने झिजून गुळगुळीत. पण शिशाच्या गोळीला वरचं रूप काय करायचंय? नळी आतून आरशासारखी हवी. गंजाने खाल्लेली असली की शिसं धरून बसतं, गोळी भरकटते. म्हणजे नळीत बघणं आलंच. आणि ह्या लीव्हरच्या रायफलीची खोड अशी, की तिच्यात मागून बघता येत नाही. मागे सगळं लोखंड. लीव्हर खाली ओढून ती उघडी ठेवायची, उघड्या जागेत पांढऱ्या कागदाचा कपटा धरायचा, त्यावर उजेड पाडायचा, आणि पुढून, जिथून गोळी बाहेर पडते तिथे, आपला डोळा लावायचा. ज्या भोकासमोर चुकूनही उभं राहू नये, नेमकं त्यालाच डोळा लावायचा.

मुरलीधरने दोनदा तपासलं. आत बोट घालून चाचपलं. रिकामी. कपटा ठेवला, दिवा जवळ ओढला, वाकला.

नळी झकास होती. गोळीला फिरवणाऱ्या खाचांचे पीळ कसे स्वच्छ, दुधासारखा उजेड आतून गोल फिरत आलेला. म्हाताऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघालं.

आणि उजेड गेला.

दिवा गेला नव्हता. गालावर त्याची ऊब लागत होती. नळीच्या त्या टोकाला काहीतरी आडवं आलं होतं... मग ते जरा मागे सरलं, आणि कडेने उजेडाची बारीक कोर दिसली. कोरीच्या मध्ये ओलसर, फिकट निळं काहीतरी. ते मिटलं. पुन्हा उघडलं.

तो झटक्यात मागे झाला. कपटा जागच्या जागी होता. बाई पार लांब, सिंकपाशी, पाठ करून उभी. फक्त लीव्हर... उघडी ठेवलेली लीव्हर अर्धी वर आली होती.

“बघितलंत?” बाईने वळून न बघताच विचारलं.

“नळी चांगली आहे.”

“आयव्हरही रोज बघायचा. चहा झाला की बघायचा. तो गेला तेव्हाही बघतच होता.” नळाचं पाणी चालू होतं, तिने ते बंद केलं नाही. “आत एक काडतूस राहिलं असेल, म्हणाले. चुकून लीव्हर मिटून घोडा पडला असेल, म्हणाले. घरात आम्ही दोघंच होतो, मिस्टर ओतारी. चाळीस वर्षं भांडलो आम्ही, सगळ्या गावाला ठाऊक. पण लीव्हर मी मिटली नाही.”

“त्याने नवी घेतली होती का?”

“नाही. तुमच्यासारखीच. कोणाची तरी वापरलेली.”

शहाणा माणूस तिथूनच उठला असता. मुरलीधर काय म्हणाला स्वतःशी? मोतीबिंदू. दुसरं म्हणजे, ही सोडली तर परवान्याच्या मुदतीत दुसरी मिळायची नाही. मग बॉक्स रूम, कडेला इस्त्रीचा बोर्ड, आणि ‘बाबा, आवाज जरा लो ठेवा, मीटिंग आहे.’ बाईने घासाघीस केली नाही. त्याच्या परवान्यावर रायफलीची नोंद केली, सही केली. तो गाडीत बसेपर्यंत ती दारात उभी होती, आणि गाडी वळली तशी तिने घरातले सगळे दिवे लावले.

पुढचे काही आठवडे बरे गेले, हे कबूल करायला हवं. गॅरेजमध्ये त्याने शिसं वितळवलं, चिमूटभर कथील टाकलं, वरची मळी काढली. बापाच्या शिस्तीने पहिल्या गोळ्या परत भट्टीत टाकल्या, कारण थंड साच्यातला पहिला ओत कधी धड येत नाही. त्यापुढच्या अशा उतरल्या की नुसतं बघत बसावं. क्लबात पाचच्या पाच एका बिस्किटाखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. “मर्ली, पुन्हा जवान झालास की काय तू?” म्हणून गोरे हसले. खांदा दुखला नाही. म्हाताऱ्याने शशी गेल्यापासून पहिल्यांदा घरी जाताना फिश अँड चिप्स घेतले.

नळी साफ करायचा तो क्लबातच, भर उजेडात. आत बघायचा नाही. चिंधी स्वच्छ निघाली की पुरे.

पण घरात बारीकसारीक सुरू झालं होतं. रायफल पोलादी कपाटात, कपाट जिन्याखाली भिंतीला ठोकलेलं, किल्ली त्याच्याच गळ्यात जानव्यासारखी. तो रायफल लीव्हर मिटून ठेवायचा. उघडलं की लीव्हर उघडी मिळायची. दस्त्यावर दुसऱ्याच कसल्यातरी तेलाचा वास यायचा, आणि त्या वासाखाली ओल्या मेंढरांचा. एकदा दुपारी कपाट उघडलं तर नळीचं तोंड दाराकडे वळलेलं होतं. बरोबर माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर.

कुशलला सांगावं, असं वाटलं. फोन हातात घेतला. मग विचार केला, सांगणार काय? ‘घरात कोणीतरी आहे’ म्हणायचं, आणि पोरगं म्हणणार, ‘बाबा, तुम्ही एकटे राहायच्या कंडिशनमध्येच नाही.’ त्याने फोन ठेवून दिला.

फेब्रुवारी सरता सरता सकाळी पोलिसांकडचा माणूस आला. गोरा, गुबगुबीत, दारातच बूट काढणारा. स्वभावाने भला. चहात चार चमचे साखर घेतली.

“घरात आणखी कोण राहतं, मिस्टर ओतारी?”

“कोणी नाही.”

“येणारंजाणारं?”

“मुलगा. तोही फोनवरच येतो.”

तो हसला. “किल्ली कुठे असते, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?”

मुरलीधरने जिन्याकडे बघितलं नाही. “कोणालाही नाही.”

“छान. रायफल काढा जरा, नंबर ताडून बघतो.”

कपाट उघडलं. लीव्हर मिटलेली होती. म्हाताऱ्याने श्वास सोडला, लीव्हर ओढून रिकामी जागा दाखवली, पाहुण्याने बोट घालून खात्री केली, नंबर लिहून घेतला. झालं होतं सगळं. पण तो माणूस निघाला बंदुकीचा शौकीन.

“थर्टी-थर्टी! माझ्या आजोबांकडे होती. शिशाच्या गोळ्या झाडता म्हणजे नळी झकास असणार. बघू?” आणि नळीचं तोंड हातात धरून तो वाकलासुद्धा. “तुम्ही मागे अंगठा धरा. नखावर उजेड पडू दे.”

ही जुनी रीत आहे. कागद नसला की नख. मुरलीधरला नुसतं ‘नको’ म्हणायचं होतं. ‘नको’ म्हटलं की ‘का?’ आलं. ‘का’ म्हटलं की प्रॉबर्टबाई आली, आयव्हर आला, जिन्याखालचा वास आला, आणि परवाना गेला. त्याने गप्प अंगठा उघड्या जागेत घातला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“अहाहा,” तो माणूस म्हणाला. “आरसा आहे आरसा.”

लीव्हर हलली.

म्हाताऱ्याचा दुसरा हात दस्त्यावर होता. लीव्हरला कोणाचाच हात नव्हता. ती हळू वर आली, जशी घाई नसलेला माणूस आणतो, आणि आतला बोल्ट, काडतूस पुढे ढकलणारा तो लोखंडी ठोकळा, सरकत येऊन अंगठ्याला टेकला. टेकून थांबला नाही. दाबू लागला. अंगठा काढला असता तर सुटला असता. पण मग बोल्ट पुढे जाऊन बसला असता, आणि पलीकडे, त्या टोकाला, एका भल्या माणसाचा डोळा लागलेला होता. आत काडतूस नव्हतं. दोघांनी बघितलं होतं, नव्हतं. तरी त्याने अंगठा काढला नाही. नखातून कळ डोक्यापर्यंत गेली. फाउंड्रीत पायावर रस सांडला होता तेव्हा ओरडला होता तो. आता ओरडला नाही.

“जरा अंधार झाला,” नळीच्या तोंडाशी वाकलेला माणूस पुटपुटला. “अंगठा हलवू नका ना...”

“नाही हलवत,” मुरलीधर म्हणाला.

“हां. आता दिसलं.” तो सरळ झाला. डोळा चोळला. क्षणभर काहीतरी विचारावंसं त्याला वाटलं असावं, पण चहा गार होत होता. “उत्तम ठेवलीय. माझ्याकडून तक्रार नाही. परवाना येईल पोस्टाने. पाच वर्षं काळजी नको.”

त्याला दारापर्यंत पोचवताना म्हाताऱ्याने हात खिशात ठेवला होता. खिसा ओला झाला.

मग रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, अंगठ्याला फडकं बांधलं आणि कुशलला फोन लावला.

“रिन्यू झालं.”

“ओके, बाबा. डील इज डील. मी नाही काढणार विषय. पण शुअर ना? एकटे राहाल?”

“राहीन.”

“तुमचा आवाज असा का येतोय?”

“म्हातारा आहे म्हणून येतोय. ठेव.”

त्याने फोन ठेवला. घर त्याचं राहिलं होतं. क्लब राहिला होता. जिंकला होता म्हातारा. खुर्चीत बसून तो फडक्यावर पसरणारा लाल डाग बघत राहिला, आणि तेव्हा जिन्याखाली, कुलूपबंद कपाटात, लीव्हर उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मिटल्याचा.

ज्याने ही रायफल हाताळली आहे त्याला एक फरक कानाने कळतो. रिकामी मिटली की लोखंड लोखंडावर खडखडतं, पोकळ. आत काडतूस जात असलं की आवाज दबका येतो, भरीव, जसा घास गिळल्याचा. काडतुसं वरच्या खोलीत वेगळ्या पेटीत बंद होती.

मुरलीधरने कान देऊन ऐकलं.

आवाज भरीव होता.