एक नग जास्त

मी वही बसमध्ये विसरलो नसतो तरी तिची-माझी भेट दोन दिवसांनी झालीच असती. सोमवारपासून मला तिच्याच ऑफिसात कामाला जायचं होतं. पण मग मी तिला साहेब म्हणून भेटलो असतो. शनिवारी वेंधळा म्हणून भेटलो, ते बरं झालं.

बस डेपोच्या मागे हरवलेल्या वस्तूंची खोली होती. लोखंडी फळ्या, छत्र्या, पिशव्या, एकेकटे बूट. टेबलामागे ती. वर न बघता म्हणाली, "काय हरवलं?"

"वही. निळी."

तिनं रजिस्टर उघडलं, शेवटच्या रकान्यात 'निळी' लिहिलं आणि ड्रॉवरमधून माझी वही काढून पुढे ठेवली. वही राखाडी होती.

"मग निळी का लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. हा रकाना त्यासाठीच आहे — माणूस काय सांगतो. वस्तू असते तशी कुणी सांगत नाही. आठवते तशी सांगतात." वही माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "आतली चित्रं बघितली मी. चौकटी नि बाण. हे आमचंच ऑफिस ना?"

"हो. तुमचं काम कंप्युटरवर आणायचंय. ही वस्तू, ही नोंद, ही पावती..."

"आणि मी कुठंय यात?"

मी वहीची पानं चाळली. ती कुठल्याच चौकटीत नव्हती. सॉफ्टवेअर म्हणजे मशीनला कामाला लावायचं, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

सोमवारपासून मी तिच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायला लागलो. वरच्या फळीवरचं काढायला तिला तेच स्टूल लागायचं, त्यामुळे मला दिवसातून दहादा उठावं लागे. पहिल्या फेरीत मी तिचा शेवटचा रकाना गाळला. लोक वाट्टेल ते सांगतात, मशीनला त्याचा काय उपयोग, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, "बरं," आणि आठवडाभर मलाच काउंटरवर उभं केलं. लोक काळी बॅग मागत, मशीन 'नाही' म्हणे, आणि तपकिरी बॅग मागच्या फळीवर पडून असे. शुक्रवारी एक आजोबा काठी न मिळता परत निघाले. तिनं त्यांना हाक मारली आणि काठी आणून दिली.

ते गेल्यावर म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, तुमचं मशीन खोटं नाही बोललं. पण आजोबा काठीशिवाय घरी गेले असते."

रकाना परत आला. तो भरल्याशिवाय नोंद बंदच होणार नाही, अशी सोयही मी केली. वस्तू, ती लिहून ठेवणारी आणि ती मागायला येणारा, हे सगळं मिळून सिस्टीम होते. कंप्युटर त्यातला एक नग. हे मला पुस्तकानं नाही, तिनं शिकवलं.

काम संपत आलं तशा माझ्या दुरुस्त्या लांबायला लागल्या.

"आज काय बिघडलंय?"

"तारीख उलटी येतेय."

"काल सुलटी होती."

"...हो. काल होती."

ती खाली बघून हसली.

शेवटच्या दिवशी चाचणी होती. "काहीही खोटी नोंद टाका," मी म्हणालो, "मी नंतर पुसतो."

ती एका बोटानं टाइप करायची. वस्तू — माणूस, एक नग. रंग — सावळा. स्थिती — वेंधळा, पण चालू. कुठे सापडला — स्टुलावर. शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली.

"हे रिकामं ठेवते. मालकीण न्यायला आली की बघू."

"मालकीण... कोण?"

"रजिस्टर माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे. आता तुम्हीच बघा."

माझे कान गरम झाले. "वस्तू किती दिवस ठेवता तुम्ही?"

"नव्वद. मग लिलाव."

आमचं लग्न सत्त्याऐंशीव्या दिवशी झालं.

ती नोंद मी पुसली नाही. खोटी नोंद खऱ्या माहितीत राहू देणं हे आमच्या धंद्यात पाप. दर वर्षी मोजणीत फळीपेक्षा नोंदीत एक नग जास्त निघायचा, वरून पत्र यायचं. "नग सुरक्षित असून माझ्या ताब्यात आहे," असं उत्तर ती लिहायची आणि घरी येऊन मला वाचून दाखवायची.

ती जाऊन आठ महिने झाले. मी एकच ताट घासतो, तरी दमतो. परवा डेपोतून फोन आला. नवी सिस्टीम करणारी मुलगी होती.

"काका, एकतीस वर्षांची सिस्टीम शुक्रवारी बंद होतेय. एक नोंद फळीशी जुळत नाही. पुसू का?"

"थांब," मी म्हणालो. "मी येतो."

बायकोनं माझ्याबद्दल लिहिलेलं जगात तेवढंच उरलं होतं. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत.

दोन बस बदलून गेलो. मुलीनं मला बसायला दिलं ते तेच स्टूल.

"नव्यात उघडी नोंद जात नाही, काका. पुसायची, नाहीतर बंद करायची."

"बंद कर. मालकिणीनं नेला, असं लिही."

"तारीख?"

मी लग्नाची तारीख सांगितली.

"बंद होत नाहीये. हा शेवटचा रकाना भरायला हवा... माणूस काय सांगतो?"

सांगायला आता मीच उरलो होतो. "लिही," मी म्हणालो. "नेणारी उंच होती."

मुलीनं भिंतीवर माझ्या बायकोच्या निरोपसमारंभाचा फोटो होता तिकडे पाहिलं. फोटोत ती जेमतेम सगळ्यांच्या खांद्याला लागत होती. मग मी सांगितलं तसंच मुलीनं लिहिलं.