तिथं ‘येतो’ म्हणायचं नाही

मुरूमच्या पेठेत महांतप्पाचं कापडाचं दुकान होतं, आणि कापडापेक्षा त्याचं बोलणंच जास्त खपायचं. गिऱ्हाईक उठलं की ‘या’, स्वतः कुठून उठला की ‘येतो’. जिभेला वळणच तसं. एकदा म्हणे दुकानावर जप्ती आणायला चुकून दुसऱ्याच्या ऐवजी याच्या दारात आलेल्या कारकुनालाही यानं निघताना ‘या बरं का परत’ म्हणून निरोप दिला होता. पेठेत त्यावरून वर्षभर हसणं चाललं. दुकानाच्या ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसणारा हनीफ दर्जी तर गिऱ्हाइकांना सांगायचा, “शेटला यम न्यायला आला ना, त्याला बी चहा पाजून ‘या’ म्हनतील.”

हैद्राबादचं राज्य मोडून आपण मुंबई राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. महांतप्पा बायकोला आणायला अणदूरकडे निघाला होता. थंडीत त्यांची एकुलती पोर, नीलव्वा, गोवरानं गेली. तेव्हापासून इरम्मा रडली नाही, बोलली नाही, चुलीपुढे बसली की बसूनच राही. शेवटी तिच्या भावानं तिला माळावरच्या निवांत महाराजांच्या आश्रमात नेऊन ठेवलं. महाराज समाधीला बसून पिढ्या लोटल्या होत्या, पण तिथं जीव निवतो अशी ख्याती होती. घर ओस पडलं होतं. काही करून तिला परत आणायची, एवढंच महांतप्पाच्या डोक्यात. मोटारीत बसल्यापासून तो मनातल्या मनात तिची समजूत घालत होता.

अणदूरपासून पुढं पायवाट. माथ्यावर ऊन, दोन्ही अंगांना काळी रिकामी रानं. आश्रम दिसला तो लिंबाच्या सावलीत, सारवलेलं अंगण, पांढरं धुतलेलं देऊळ. इतकी स्वच्छ, इतकी गार जागा त्यानं पाहिली नव्हती. विभूतीचा आणि ओल्या शेणाचा वास. दारात बब्रुवानबुवा भेटले. तिथली सगळी व्यवस्था तेच बघत.

“पानी घ्या. बसा. एक सांगून ठेवतो शेट, हितनं उठताना ‘येतो’ म्हनायचं न्हाय. सुतकाच्या घरनं उठतो तसं उठायचं. मुकाट.”

“कळलं बुवा. सुतकाच्या घरी कोन म्हनतंय!”

सभामंडपात बायामाणसं बसली होती. कुणी डाळ निवडत होतं, कुणी नुसतं बसलं होतं. दळणाचं जातं फिरत होतं, पण ओवी नव्हती. महांतप्पानं सवयीनं घंटेला हात लावला, तर ती नुसतीच हलली. आतला लोळा काढून ठेवलेला. लिंबावर कावळे होते. तेही गप्प होते.

इरम्मा खांबाला टेकून वाती वळत होती. तब्येत सुधारली होती. तिनं मान वर केली.

“आलाव?”

“आलो. घरला चल, इरम्मा.”

“चला.”

एवढंच. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं तसंच गळ्यात राहिलं. त्याला बरं वाटायला हवं होतं. तो हळूच म्हणाला, “नीलव्वाची... आठवन येती का गं?”

“कुनाची?” ती वात वळत राहिली. मग पोत्यावरचा शिक्का वाचावा तशी म्हणाली, “व्हय. नीलव्वा.”

महांतप्पानं बुवांकडं पाहिलं.

“जड झालेलं मानसं हितं ठेवून जात्यात,” बुवा म्हणाले. “महाराज सांभाळत्यात. तुमी बी टेका डोकं. हलकं वाटंल.”

त्यानं गाभाऱ्याच्या पायरीवर डोकं टेकलं. दगड गार होता. थंडीपासून छातीत एक गाठ बसली होती, दुकानात हसतानाही ती टोचायची. ती सुटली. सुटली म्हणजे कुठं गेली ते कळलं नाही, पण जागा मोकळी झाली. आत समई होती, पिंड होती, पिंडीमागं समाधीचा चौथरा. माणूस कुणी नव्हतं.

उन्हं उतरली तशी दोघं निघाली. इरम्मानं गाठोडं काखेत घेतलं, महांतप्पानं चपला घातल्या, आणि पेठेतलं सारं आयुष्य त्याच्या जिभेवर आलं.

“बरं बुवा, येतो आमी!”

“या.”

आवाज गाभाऱ्यातून आला. मोठा नव्हता. घरातलं माणूस हातातलं काम न सोडता म्हणतं ना, तसा. बब्रुवानबुवांचा केरसुणीचा हात थांबला. मंडपातलं जातंही थांबलं.

“पुजारी हायेत वाटतं आत,” महांतप्पा म्हणाला.

“पुजारी न्हाय हितं. पूजा मीच करतो.”

मग महांतप्पा हसला. हसू आलं नव्हतं, पण व्यापाऱ्याला ते आणता येतं.

“अवो बुवा, दिसातनं पन्नास गिऱ्हाइकं मला ‘येतो’ म्हनत्यात. त्यातली येत्यात किती?”

“हितं समदी येत्यात,” बुवा म्हणाले आणि केर काढू लागले. “आमी म्हनलाव ना तुमी? म्हंजी दोघं.”

“आमच्यात एकट्याला बी आमी म्हनत्यात...”

इरम्मा वाटेला लागली होती.

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं, आणि हीच गोष्ट हनीफला सोसवेना. इरम्मा वेळेवर भाकरी करी, महांतप्पा वेळेवर दुकान उघडी. कोनाड्यातली पोरीची लाकडी बाहुली त्यानं हातात घेतली, पुसली, परत ठेवली. काही झालं नाही. आमटीत मीठ नसलं तरी दोघं जेवून उठत. रात्री गाढ झोप. दुकानात गिऱ्हाईक ‘येतो शेट’ म्हणे, महांतप्पा मान हलवी. पेठेतली माणसं म्हणाली, दुःखानं माणूस शहाणा होतो. हनीफ म्हणाला, “शेट, तुमी आलाव खरं. पन आल्यासारखं वाटंना गड्या. एकदा मला शिवी तरी हाना.”

“कशाला?” महांतप्पानं विचारलं. त्याला खरोखर कळलं नाही.

आषाढ लागायच्या सुमाराला, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, एक शेतकरी ओट्यापाशी येऊन उभा राहिला. पायावर माळावरची पांढरी माती.

“महांतप्पा शेटचं दुकान हेच का? मी महारुद्र. अणदूरकडला. निरोप हाय घरच्यांना.”

“बोला,” महांतप्पा म्हणाला.

“शेट आन् बाई, दोघं बी आश्रमात खुशाल हायेत. काळजी करू नगा म्हनलेत. सध्या यायचं जमंना.”

हनीफचं यंत्र थांबलं. महारुद्रनं महांतप्पाकडं नीट पाहिलं. “तुमी धाकटे भाऊ जनू? तोंडावळा अगदी तोच. पन त्यांचं डोळं लई सुजल्यात बगा. दिस न् रात रडत्यात. बाई बी. मंडपात बसवत न्हाय दुसऱ्याला.”

हनीफ काही बोलणार, तोच महांतप्पा म्हणाला, “व्हय. भाऊच.” त्यानं स्वतःच्या डोळ्याखाली बोट फिरवलं. कोरडं होतं.

“आन् एक काम सांगितलंय. पोरीला अंगडं पायजे.”

“कुनाच्या पोरीला?” हनीफ ओरडला.

“त्यांच्याच की. निली का काय. लई गोड हाय, खेळत असती पायरीवर. बुवा रोज कुरमुरं देत्यात तिला.” महारुद्रनं जमिनीपासून हात वर धरला, मग थोडा आणखी वर नेला. “आता एवढी झालीया. मापानं जरा ढिलं द्या म्हनल्यात बाई.”

दुकानामागच्या घराचं दार उघडून इरम्मा उंबऱ्यात आली होती. नुसती फळीवरच्या छिटांच्या ताग्यांवरून तिची नजर फिरली.

महांतप्पानं एक तागा ओढून गादीवर उलगडला. लोखंडी गज घेतला, माप धरलं. हात स्थिर होता. गिऱ्हाइकाचं काम, गिऱ्हाइकासारखं.

“शेट, नगा देऊ,” हनीफ त्याचा हात धरून म्हणाला. “अल्लाची आन घालतो. देऊ नगा.”

“ह्यो चालंल का?” महांतप्पानं महारुद्राला विचारलं.

महारुद्रनं ताग्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

“हिरवा सोडून दुसरा कोनचा बी द्या शेट. पोरगीच म्हनली मला. हिरवं अंगडं तिच्या अंगावर हायच. त्याची माती काय केल्या निघंना.”

हनीफनं शेटचा हात सोडला. थंडीतल्या त्या पहाटे, पोरीला मातीत ठेवायच्या आधी, घाईघाईनं शिवलेलं शेवटचं अंगडं त्याच्याच यंत्रावरचं होतं.

महांतप्पानं हिरवा तागा गुंडाळून फळीवर ठेवला आणि पिवळा काढला. मागून इरम्मा सपाट आवाजात म्हणाली, “हातभर जास्तच फाडा. वाढत्या अंगाची हाय.”