शॉकअपची दुसरी खाच

पोटात अंडी धरलेल्या दाडक मासोळ्या दिवस बुडायच्या आत गावच्या तलावात जिवंत सोडायच्या, काम एवढंच होतं. सिहोऱ्याकडच्या एका तलावातून त्या सकाळी धरल्या, दोन निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये घातल्या, ड्रमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. करडीच्या अलीकडच्या नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, पाण्याने तोडला होता! डांबरी रस्ता बंद. उरली ती जंगलातली बैलगाडीची जुनी वाट, आणि त्या वाटेने हल्ली बैलसुद्धा नाखुशीनेच पाऊल टाकत.

"उद्या जाऊ," असं म्हणायची सोय ममताला नव्हती. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावचा तलाव तळापर्यंत आटला आणि दाडक संपली. गावच्या मच्छीमार संस्थेने मग विकतचं कटला-रोहूचं बीज सोडलं. मोठा मासा, मोठं जाळं, आणि मोठं जाळं पुरुषांच्या हातात! दाडक मात्र ढिवरांच्या बायकांची मासोळी. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्या ती धरत, बाजारात विकत, उरलेली घरच्या कढईत टाकत. ती गेली आणि तलावाकाठच्या बायका दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाऊ लागल्या. ममताने वर्षभर संस्थेच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे अध्यक्ष वासुदेवराव कबूल झाले: आज संध्याकाळपर्यंत दाडक आली, तर तलावाचा उगवतीकडचा कोपरा बायकांचा. नाही आली, तर उद्या सकाळी सगळ्या तलावात कटल्याचं बीज.

म्हणून ममताला निघायची घाई झाली होती. त्यात तिच्या दिराने, भूपेशने, निघताना वाद उकरून काढला.

भूपेश रोज मोटरसायकलने वरठीच्या कारखान्यात जायचा, त्यामुळे मोटरसायकल या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये अशी त्याची समजूत होती. मागच्या चाकाच्या शॉकअपला खाली एक कडं असतं, त्याला पाच खाचा. पान्याने कडं वर फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी कडक होते, उलट फिरवलं की नरम. भूपेशने आपली गाडी पाचव्या खाचेवर टाकली आणि पाना वहिनीपुढे धरला.

"वहिनी, कडक कर. ओझं हाय. धानाचं पोतं नेतो तवा मी पाचवीवरच टाकतो."

"धान हालत नाई, भूपेश. हे पानी हाय, अन् अंदर जीव हाय. माही गाडी नरमच राहीन." ममताने आपली मासे विकायला घेतलेली जुनी गाडी पहिल्या खाचेवर, अगदी ढिली केली.

"दोघं बी आपल्याच मनाचे," तिचा सासरा फकिरा ड्रमला कवटाळून तिच्या मागे बसत म्हणाला. जंगलातली वाट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. "चाला आता! मासोळी तुमच्या भांडनासाठी थांबून नाई राहिली."

झाडीत शिरताच वाटेने आपले रंग दाखवले. बैलगाडीच्या चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांत चिखल, मध्ये मोहाच्या मुळ्या, आणि चिखल संपला की फुटबॉलएवढाले दगड. सागाची पानं वरून टपटपत होती, खाली वाफ कोंडली होती. गाड्या माणसाच्या चालीने सरकत होत्या. ममता सारखी पानांमधून सूर्य शोधत होती, आणि सूर्य आपला ढगांमागे लपून बसला होता.

पुढे भूपेश होता. कडक शॉकअपची गाडी दगडावर चढली की दाबली जाईचना; सरळ उडायची! चाक हवेत, मग धाडकन खाली. चाक उडे तसा ड्रम उडे.

"भूपेश, हळू!"

"काई होत नाई, वहिनी! रबरानं बांधलं हाय!"

आडवी मुळी आली. चाक उडालं. ट्यूबचं रबर ताडकन तुटलं. ड्रम हवेत गेला, दगडावर आपटला आणि उभा चिरला!

तिघंही गुडघ्यांवर आले. ओल्या पानांत, चाकोरीत, चिखलात चांदीसारख्या मासोळ्या तडफडत होत्या. ममता ओंजळी भरभरून धावत होती, आपल्या ड्रममध्ये टाकत होती, पुन्हा धावत होती. निम्म्या वाचल्या, निम्म्या चिखलातच शांत झाल्या. भूपेश रिकाम्या ड्रमची चिरफळी हातात धरून उभा होता. त्याचं तोंड बघून ममताने जिभेवर आलेला शब्द गिळला.

पण आता एका ड्रममध्ये दोन ड्रमांची गर्दी झाली होती. गर्दी झाली की पाण्यातला प्राण लवकर सरतो, हे ढिवराच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. फकिराने ड्रममध्ये हात घातला आणि पाणी थापटू लागला. जुने ढिवर बीजाची हंडी खांद्यावर नेताना अशीच हलवत हलवत नेत; पाणी हललं की त्यात हवा मिसळते.

"मामाजी, हात दुखला तं सांगजा," ममता सासऱ्याला म्हणाली.

"हाताचं सोड, रस्ता पाय."

ममताने रस्ता पाहिला, पण तिच्या नरम शॉकअपने काही पाहिलं नाही. ती, सासरा आणि भरलेला ड्रम, एवढं ओझं घेऊन गाडी आधीच खाली बसली होती. पहिल्याच खोल खड्ड्यात स्प्रिंग पार मिटली आणि लोखंडावर लोखंड आदळलं. खड्ड! ड्रम आधी वर झाला, मग सगळ्या वजनानिशी खाली आला, आणि फकिराचं मनगट ड्रम नि कॅरिअरच्या मध्ये सापडलं.

म्हाताऱ्याने ओठ आवळले, ओरडला नाही. मनगट मात्र बघता बघता सुजलं. ममताचे डोळे भरून आले. दिराला हसायची खुमखुमी होती ना तिला? आता कुणाला हसणार? कडकने ड्रम गेला, नरमने सासऱ्याचा हात गेला.

"मी सांगून राहिलो होतो, कडक कर!" भूपेशला आता जोर चढला.

"तुहा कडक पायला न मी!"

"हात हाय अजून, तुटला नाई," फकिराने दोघांना दटावलं. त्याने डोक्याचा गमछा काढून मनगटाला करकचून बांधून घेतला. "मी आता भूपेशच्या मागं बसतो. तू एकटी ने ड्रम. पन पानी थापटाले हात नाई, हे ध्यानात ठेव."

म्हणजे पाणी आता गाडीनेच हलवायचं होतं. ममताने ड्रम सीटला दुहेरी दोराने जखडला, पाना घेतला आणि खाली बसली. भूपेश "तिसरी, चौथी" असं काहीबाही सुचवत होता. तिने ऐकलं नाही. तिने जाळीचं कापड बाजूला केलं, सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली आणि फक्त पाण्याकडे पाहिलं. पहिल्या खाचेवर पाणी या काठावरून त्या काठावर लोटत होतं, मासोळ्या भिंतीवर आपटत होत्या. तिने कडं थेट चौथ्या खाचेवर नेलं. पाणी ठसका लागल्यासारखं उडालं आणि तिच्या तोंडावर आलं. तिसरीवरही शिंतोडे उडालेच. मग तिने कडं दुसऱ्या खाचेवर आणलं. पाणी थरथरलं. वरच्या वर बारीक बारीक लाटा उठल्या, बुडबुडे आत गेले, आणि वर तोंडं काढून बसलेल्या मासोळ्या एकेक करून खाली उतरल्या.

"दुसरी," ममता म्हणाली आणि कापड बांधलं.

आता गाडी खड्ड्यात उतरे, बसे, पुन्हा उठे. ना उडत होती, ना ठोकत होती. पाठीमागे ड्रममध्ये डुबुक-डुबुक असा एकसारखा आवाज चालला होता. तो आवाज हाच ममताचा धीर. तिने डोळे वाटेवर ठेवले आणि कान पाठीला लावले.

नाला आला. पाणी गढूळ, जोरकस, गाडीच्या इंजिनाला टेकणारं. "थांबू नको!" फकिरा मागून ओरडला. ममता थांबली नाही. पुढचं चाक घसरलं. तिने पाय टेकला. पाणी मांडीला भिडलं. गाडी कण्हली, दगड चढली, पलीकडे आली! मागोमाग भूपेशही आला. आणि काठ चढून वळण घेताच ममताने कचकन ब्रेक दाबला.

वाटेच्या मधोमध अस्वल बसलं होतं.

वाटेत वारूळ होतं, आणि अस्वल त्यात तोंड खुपसून उकरत होतं. मातीची ढेकळं दोन्ही बाजूंना उडत होती. एका बाजूला बांबूचं रान, दुसऱ्या बाजूला उतार. फकिराने खूण केली. दोन्ही इंजिनं बंद झाली. अस्वलासमोर गाडी घुरघुरवणं म्हणजे आपणहोऊन त्याच्या अंगावर जाणं. ते खाऊन जाईपर्यंत उभं राहायचं, दुसरा इलाज नव्हता.

जंगल एकदम शांत झालं. मागचं डुबुक-डुबुकही थांबलं.

ममताने मान वळवली. कापडाच्या जाळीतून मासोळ्यांची तोंडं वर आलेली दिसत होती. उघडझाप, उघडझाप. हात घालावा तर कापडाची गाठ दोराखाली अडकली होती. तिने हळूच सीटवर पाठीमागे भार दिला आणि सोडला. स्प्रिंग बसली, उठली. पाणी हललं. पुन्हा दाबली. डुबुक. तिसऱ्यांदा दाबली आणि जुनी स्प्रिंग किरकिरली.

अस्वलाने डोकं वर काढलं! थोबाड मातीने माखलेलं, छातीवर पांढरा पट्टा. ते नाक वर करून हवा हुंगू लागलं. ममताची भीतीने गाळण उडाली. भूपेश मागून कुजबुजला, "वहिनी, हालू नको, तुले हात जोडतो!"

ती हलली नाही. मासोळ्या वर आल्या. एक आडवी झाली, तिचं पांढरं पोट दिसलं. ममताला रडू फुटायचं बाकी होतं. गावात उगवतीच्या कोपऱ्याजवळ निर्मलाबाई, उषाबाई, मासोळी धरणाऱ्या सगळ्या जणी वाट बघत असणार. आणि आपण इथे एका वारुळापायी त्यांची मासोळी मरू द्यायची? तिने दात आवळले आणि इतक्या हळू भार दिला की स्प्रिंग किरकिरली नाही. सोडला. पुन्हा दिला. अस्वल बघत होतं. ती झुलत होती. बघत होतं. झुलत होती. शेवटी त्याने फुर्रकन नाक शिंकरलं, पुन्हा वारुळात तोंड घातलं, पोट भरल्यावर उठलं आणि मागे न बघता बांबूत निघून गेलं.

"जा रे बावा, जा," फकिरा पुटपुटला.

पुढची वाट त्यांनी जीव मुठीत धरून कापली. झाडी विरळ झाली, धानाच्या बांध्या दिसू लागल्या, आणि मावळतीच्या उजेडात गावचा नवाकोरा डांबरी रस्ता समोर आला! भूपेशने आनंदाने हॉर्न वाजवला. ममतानेही गाडी डांबरावर घातली. काय ते सुख! ना धक्का, ना खड्डा. गाडी पाण्यावरून चालावी तशी चालली.

थोडं अंतर गेल्यावर तिने कान दिला. पाठीमागे आवाज नव्हता.

तिने वळून पाहिलं. सगळ्या मासोळ्या वर आल्या होत्या, आणि पाणी आरशासारखं स्थिर होतं. ममताने विचार केला नाही. हँडल वळवलं आणि गाडी डांबरावरून खाली उतरवली, बैलांच्या खुरांनी तुडवलेल्या, खडीने नि खड्ड्यांनी भरलेल्या कडेला. धडधड, धडधड! ड्रम पुन्हा बोलू लागला.

"वहिनी, डांबर सोडून काहून जाऊन राहिली?" भूपेश रस्त्यावरून ओरडला.

"डांबर तुले ठेव!"

तलावाच्या पाळीवर जमलेल्यांनी हे पाहिलं आणि संस्थेच्या माणसांत खसखस पिकली. "इले काय झालं?" निर्मलाबाई घाबरून म्हणाली. ममता मात्र एकही खड्डा न चुकवता पाळीपर्यंत आली. उतरली आणि ड्रमचा दोर सोडू लागली.

"ओत लवकर, दिवस बुडून राहिला!" बायका पुढे धावल्या.

"आदी तलावाच्या पान्याची ओयख करून द्या," फकिराने त्यांना अडवलं. तांब्या तांब्याने तलावाचं पाणी ड्रममध्ये मिसळलं गेलं. ममताने मेलेल्या मासोळ्या एकेक करून हाताने वेगळ्या काढल्या. प्रत्येकीगणिक तिला वाईट वाटत होतं. सूर्य टेकला. मग तिने आणि निर्मलाबाईने ड्रम उचलून पाण्यात तिरपा केला. एक सळसळ झाली, आणि काहीच दिसेनासं झालं.

वासुदेवराव पाळीवरून वाकले. "कुठं हायेत? मले तं एक बी दिसून नाई राहिली."

"दिसून नाई राहिल्या मनजे जित्या हायेत, अध्यक्षसाहेब," ममता कमरभर पाण्यातून म्हणाली. "मेल्या असत्या तं वर तरंगल्या असत्या."

अंधार पडेपर्यंत वासुदेवराव पाण्याकडे बघत पाळीवर उभे राहिले. एकही मासोळी वर आली नाही. मग त्यांनी भूपेशला हाक मारली आणि उद्या सकाळी उगवतीच्या कोपऱ्याला बायकांच्या हद्दीचे बांबू ठोकायला सांगितलं.